थ्रीडी मेश कॉम्प्रेशनचं पेटंट, एफईआरमध्ये ३(के) लावलंय, उत्तर कसं द्यावं?

पूर्णाकाठ_परभणी

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहायलोय. आमच्या कॉलेजातून एक पेटंट अर्ज टाकलेला आहे, अर्जदार कॉलेज, इन्व्हेंटर मी, एक मॅडम अन् प्रोजेक्टची पोरं. आता त्याचा एफईआर, म्हणजे पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल, आलाय अन् वाचून डोकं चालंना झालंय.

आधी विषय सांगतो. चारठाणा, औंढा इकडच्या जुन्या देवळांच्या खांबांचे आम्ही मोबाईलनं फोटो काढून थ्रीडी मेश बनवतो. मेश म्हणजे लाखो बारीक त्रिकोणांचं जाळं. फाईल इतकी अगडबंब होते की गावाकडच्या शाळेत साध्या मोबाईलवर उघडतच नाही, उघडली तर मोबाईल हँग. आमचं म्हणणं असं की खांब गोल फिरवून घडवलेला, त्याच्यावरची नक्षी पाकळी-पाकळीनं परत परत येते, मग सगळ्या पाकळ्या कशाला साठवायच्या? एक पाकळी पूर्ण साठवायची, बाकीच्यांसाठी ती फिरवून बसवायची अन् खरा दगड तिच्यापासून किती आत किंवा बाहेर आहे एवढा एकच आकडा दर व्हर्टेक्सला (त्रिकोणाच्या कोपऱ्याला) ठेवायचा. जिथं दगड झिजलाय, टवका उडालाय तिथं हा हिशोब परवडत नाही, म्हणून त्या पाकळीपुरतं नेहमीच्या पद्धतीवर जायचं अन् तसा एक फ्लॅग लावायचा. बस एवढंच.

एफईआरमध्ये तीन गोष्टी आहेत. क्लेम, म्हणजे आम्ही कशावर हक्क मागतो ते मुद्दे, १ ते ७ मेथडचे, ते पेटंट कायद्याच्या कलम ३(के) खाली अल्गोरिदम अन् गणिती पद्धत म्हणायलेत. क्लेम ८ ते १४ सिस्टीम, त्याला पण तेच, साधा कॉम्प्युटरच आहे म्हणून. क्लेम १५ कॉम्प्युटर रीडेबल मीडियम (प्रोग्राम साठवलेली डिस्क वगैरे), तो तर उडवलाच. शिवाय डी१ अन् डी२ ही आधीची दोन कागदपत्रं दाखवून इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे सहज न सुचणारी नवी पायरी, नाही म्हणतात. डी१ मध्ये मॉडेलमधले सारखे भाग शोधून एकदाच कोड करायचे असं आहे, डी२ मध्ये बेस मेश अन् त्याच्यावर डिस्प्लेसमेंट, म्हणजे तिच्यापासूनचं अंतर. आमचा एजंट म्हणतो घाबरू नका, कॉम्प्रेशन रेशोचं टेबल जोडून देऊ. मला ते काही पटंना. कुणी अशातून गेलंय का?

बीडचा_बंड्या

सर तुम्ही खरंच ग्रँटच्या मागं लागलात? आमच्याकडं तर अर्ज जर्नलमध्ये पब्लिश झाला की गेटवर फ्लेक्स, पेढे, नॅकच्या फायलीत एंट्री, विषय संपला. एफईआर आला की नाही हे कुणी बघतबी नाही 😄 फॉर्म ९ भरला की पब्लिकेशन लवकर होतं, नाही भरला तरी १८ महिन्यांनी आपोआप होतंच, त्यात कुणी काही तपासलेलं नसतं, पण हे प्राचार्यांना सांगणार कोण.

मजा सोडा. उत्तराची मुदत तेवढी सांभाळा. एफईआर निघाल्यापासून ६ महिने, त्याच्या आत मुदतवाढीचा फॉर्म ४ भरला तर अजून ३ महिने मिळतात. चुकलं की अर्ज सोडून दिला असं धरतात, मग कितीबी चांगला असला तरी गेला.

वाळूज_कोडर

मी ग्राफिक्समध्ये काम करतो, कायद्याचं कळत नाही, पण टेक्निकल बाजूनं एक सांगतो कारण तुमच्या एजंटचं रेशोचं टेबल मलापण खटकलं.

हिशोब बघा. कॉम्प्रेस न केलेल्या मेशमध्ये एका व्हर्टेक्सचे तीन आकडे, चार चार बाइटचे, झाले १२. एका त्रिकोणाला तीन इंडेक्स, परत १२ बाइट. अन् बंद मेशमध्ये त्रिकोण व्हर्टेक्सच्या जवळपास दुप्पट असतात, म्हणजे एका व्हर्टेक्समागं १२ अन् २४ असे ३६ बाइट. १० लाख व्हर्टेक्सचा खांब धरला तर ३६ एमबी, त्यातले २४ एमबी नुसते कोण कुणाला जोडलंय याचे! आता हेच जोड साठवायची एजब्रेकर नावाची पद्धत १९९९ पासून आहे, रोसिन्याक यांची, साध्या बंद मेशला ती त्रिकोणामागं जास्तीत जास्त २ बिट घेते. म्हणजे २० लाख त्रिकोणांना ४० लाख बिट, अर्धा एमबी. २४ एमबीचा अर्धा एमबी, तेही तुम्ही काही न करता. गूगलचा ड्रॅको हा मेश लहान करायचा प्रोग्राम २०१७ पासून फुकट आहे, त्यात हीच पद्धत आहे, पॅरेललोग्राम प्रेडिक्शन (शेजारच्या त्रिकोणावरून पुढच्या कोपऱ्याचा अंदाज) आहे, एंट्रॉपी कोडिंग (वारंवार येणाऱ्या आकड्यांना कमी बिट) आहे.

त्यामुळं कच्च्या फाईलीशी तुलना करून "इतके पट लहान झाली" असं टेबल दिलंत तर ज्याला विषय कळतो तो म्हणणार की यातलं बहुतेक काम जुन्या पद्धतीनंच झालंय, तुमचं काय? तुलना ड्रॅकोशी करा, क्वांटायझेशनचे बिट, म्हणजे एक आकडा किती बारकाईनं साठवायचा ते, दोन्हीकडं सारखे ठेवून, अन् फक्त जॉमेट्रीचा (कोपऱ्यांच्या जागांचा) वाटा वेगळा काढून दाखवा. १४ बिट विरुद्ध १० बिट अशी तुलना केलेले पेपर लई बघितलेत, कोपरे चपटे झालेले असतात अन् वर लिहितात दर्जा तोच.

एक विचारू का? डीकोड करताना, म्हणजे फाईल परत उघडताना, रॅम किती लागते? पूर्ण मेश मेमरीत यावी लागते का पाकळी पाकळीनं चालतं? कारण साध्या मोबाईलवर फाईलीच्या साईजपेक्षा तेच जास्त नडतं.

पूर्णाकाठ_परभणी

@वाळूज_कोडर पाकळी पाकळीनंच चालतं. पहिली पाकळी मेमरीत राहते, पुढची तिच्यावरून तयार झाली की सरळ ग्राफिक्सकडं जाते अन् जागा मोकळी. पूर्ण खांब एकदम मेमरीत घ्यावाच लागत नाही, म्हणूनच मोबाईल हँग होत नाही. पण हे आम्हाला इतकं साधं वाटलं की क्लेममध्ये घातलंच नाही. क्लेम १ असा आहे: मेश डेटा घेणे, सममितीचा अक्ष शोधणे, संदर्भ भाग निवडणे, बाकीच्या भागांचे फरक काढणे, एन्कोड करणे.

लातूरकर_आयपी

मूळ गाव औसा, सध्या पेटंटचंच काम करते. सर, तुमचा क्लेम १ वाचला की ३(के) का लागलं ते लगेच कळतं. घेणे, शोधणे, निवडणे, काढणे, एन्कोड करणे, यात यंत्र कुठं आहे? हे सगळं गणिताच्या तासाला फळ्यावर पण करता येतं. अन् सिस्टीम क्लेममध्ये त्याच पाच क्रियापदांच्या आधी "प्रोसेसर" लिहिलाय एवढंच, त्यानं कुणी फसत नाही.

३(के) मध्ये काय काय वगळलंय ते नीट बघा: गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्राम अन् अल्गोरिदम. यातली "निव्वळ" ही सूट फक्त प्रोग्रामला जोडलेली आहे, अल्गोरिदमला नाही, म्हणून "आमचा प्रोग्राम निव्वळ प्रोग्राम नाही" एवढं म्हणून भागत नाही. दिल्ली हायकोर्टानं डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात सांगितलं की शोधातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसत असेल तर तो प्रोग्रामवर चालतो म्हणून पेटंट नाकारता येत नाही. नवीन हार्डवेअरच पाहिजे ही २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमधली अट २०१७ च्या सूचनांमध्ये काढून टाकली, अन् २०२३ मध्ये रेथिऑनच्या प्रकरणात त्याच कोर्टानं तसा आग्रह धरू नका असं सांगितलं. त्यामुळं "साधाच कॉम्प्युटर आहे" या आक्षेपाला उत्तर आहे. पण तांत्रिक परिणाम वकिलाच्या भाषणात असून उपयोग नाही, तो क्लेममधल्या पायऱ्यांमधून निघाला पाहिजे. तुमची खरी चीज वाळूजच्या दादांनी बरोबर काढली, डीकोडरची मेमरी. पूर्ण मेश किती मोठी आहे याच्याशी मेमरीचा संबंध राहत नाही, एका पाकळीशी राहतो. हा यंत्रात घडणारा बदल आहे, कागदावरचा नाही.

आता अडचण. तुमचे सगळे क्लेम एन्कोडरचे, म्हणजे फाईल लहान करणाऱ्या बाजूचे, आहेत. कलम ५९ मुळं दुरुस्ती करताना नवा क्लेम आधीच्या कुठल्यातरी क्लेमच्या कक्षेत पूर्ण बसला पाहिजे, अन् मूळ स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या शोधाच्या पूर्ण वर्णनात) जे नाही ते आत आणता येत नाही. वेगळा डीकोडरचा क्लेम आता घातला तर कक्षेबाहेर गेला म्हणून आक्षेप येणार, मी तरी ती वाट धरणार नाही. त्यापेक्षा एन्कोडरचाच क्लेम आवळा. एन्कोडर बिटस्ट्रीम (लहान केलेला डेटा) कोणत्या क्रमानं लिहितो ते त्यात घाला: आधी संदर्भ पाकळी पूर्ण, मग पुढच्या दर पाकळीसाठी फिरवण्याचा कोन, फ्लॅग, अन् तिचे फरक लागोपाठ, म्हणजे घेणाऱ्या उपकरणाला संदर्भ पाकळीचा एकच बफर, म्हणजे मेमरीतली तात्पुरती जागा, पुरतो. क्लेम अरुंद झाला, एन्कोडरचाच राहिला, अन् परिणाम त्यात आला.

डी१ बद्दल: एमपीईजी या व्हिडिओ-थ्रीडीच्या मानकांमध्ये पण अशी एक पद्धत आहे, सारखे सुटे भाग शोधून एकदाच कोड करायची, इंजिनिअरिंगच्या मॉडेलसाठी, जिथं शेकडो बोल्ट सारखे असतात. तुमचा डी१ त्याच जातीचा दिसतोय. तिथं भाग एकमेकांपासून सुटे असावे लागतात. तुमचा खांब म्हणजे एकच सलग पृष्ठभाग, डी१ ची पहिली पायरी त्याच्यावर चालवली तर एकच भाग हाती येतो अन् सारखं असं काही सापडतच नाही. हे उदाहरण आकृती काढून द्या. डी२ मध्ये डिस्प्लेसमेंट त्याच जागेच्या सोप्या केलेल्या मेशपासून मोजतात, तुम्ही दुसऱ्या जागेच्या पाकळीपासून मोजता. दोन्ही एकत्र केले तरी झिजलेल्या पाकळीपुरतं पद्धत बदलणं येत नाही. डी१ अन् डी२ चे सगळे परिच्छेद स्वतः वाचून खात्री करा, मी नुसती तुमच्या वर्णनावरून बोलायले.

क्लेम १५ सोडून द्या, त्याच्यासाठी भांडू नका.

उंडणगाव_फाटा

सगळे पेटंट पेटंट करायलेत म्हणून उलट बाजू मांडतो. एंट्रॉपी कोडिंगमधली एएनएस ही पद्धत घ्या, यारेक डुडा यांनी ते सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं, म्हणून तर ते सगळीकडं गेलं, ड्रॅकोमध्ये पण तेच आहे. नंतर गूगलनं व्हिडिओसाठी त्याच्यावर अर्ज केला तेव्हा डुडांनीच विरोध केला, अन् २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्यातल्या एका सुधारणेवर अमेरिकेत पेटंट मिळालंच. देवळाच्या खांबाचं कॉम्प्रेशन सरकारी शाळेतल्या पोरांसाठी करायचं अन् वर पेटंट घ्यायचं, हे काय मला जमलं नाही. कोड गिटहबवर टाका, वापरतील लोकं.

आणि अमेरिकेच्या भरवशावर राहू नका, तिथं २०१७ मध्ये रेकग्निकॉर्प विरुद्ध निन्टेंडो मध्ये चेहऱ्याचं चित्र कोडमध्ये बदलणं म्हणजे नुसती अमूर्त कल्पना म्हणून कोर्टानं पेटंट बाद केलं.

लातूरकर_आयपी

@उंडणगाव_फाटा दादा, पेटंट घेऊन शाळांना फुकट परवाना देता येतो की, कुणी अडवलंय? आणि डुडांच्या गोष्टीतून मी उलटं शिकले, मोकळं ठेवलं तरी पुढच्या सुधारणेवर दुसरा कुणी येऊन बसतोच. गिटहबवर टाकायला आता हरकत नाही, अर्जाची तारीख मिळालेली आहे. फक्त अर्जात नसलेली नवी सुधारणा त्यात टाकू नका, तिचा वेगळा अर्ज करायचा असेल तर आधी तो करा. अमेरिकेचं बरोबर आहे, पण युरोपच्या ऑफिसच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये साठवणं किंवा पाठवणं सुटसुटीत व्हावं म्हणून डेटा एन्कोड करणं हे तांत्रिक उद्देशाच्या उदाहरणांतच दिलंय. देशागणिक वेगळं आहे.

@पूर्णाकाठ_परभणी सर, उत्तरानंतर हिअरिंग लागली तर ती व्हिडिओ कॉन्फरन्सवर होते, मुंबईला जायची गरज पडत नाही. एजंटसोबत तुम्ही स्वतः बसा, खांबाची मेश स्क्रीनवर फिरवून दाखवायची तयारी ठेवा. हिअरिंगनंतर लेखी म्हणणं १५ दिवसांत द्यायचं असतं.

आता मला एकच सांगा, बिटस्ट्रीमचा क्रम अन् एकाच बफरचं काम तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये कुठं लिहिलंय का? सगळं त्याच्यावर अडलंय.

पूर्णाकाठ_परभणी

ताई, आत्ता पूर्ण वाचून काढलं. मजकुरात "भाग क्रमाने पाठवता येतात" एवढं एकच वाक्य आहे. पण आकृती ५ मध्ये पट्टी काढलेली आहे, डावीकडं संदर्भ पाकळी, मग कोन-फ्लॅग-फरक, कोन-फ्लॅग-फरक असे डबे, अन् खाली मोबाईलच्या चौकोनात एकच "संदर्भ बफर" लिहिलंय. मॅडमनी हट्टानं काढून घेतली होती ती आकृती. चालेल का ती?

लातूरकर_आयपी

चालेल. कलम १०(२) प्रमाणं सोबत दिलेल्या आकृत्या स्पेसिफिकेशनचाच भाग धरतात. उत्तरात आकृती ५ अन् ते वाक्य दोन्हीचा पान नंबरासकट उल्लेख करा, क्लेममधले शब्द डब्यांवर लिहिलेल्या शब्दांशी तंतोतंत जुळवा, "पॅकेट" "सेगमेंट" असले नवे शब्द घुसवू देऊ नका एजंटला. ड्राफ्ट झाला की क्लेमचा भाग इथं टाकू नका, मला मेसेज करा.

वाळूज_कोडर

ड्रॅकोसोबतच्या तुलनेची स्क्रिप्ट माझ्याकडं तयार आहे सर, पीक मेमरी (एका वेळी लागलेली जास्तीत जास्त) पण मोजते. एक खांब पाठवा, झिजलेला एक अन् धड एक असे दोन पाठवले तर अजून बरं.