नागपूरच्या हिंगणा-बुटीबोरीत रोबोट आला तर आधी कोणाची वेल्डिंग टॉर्च सुटेल?

जाडपत्रा
"रोबोट येतोय, वेल्डरचा ट्रेड घेऊ नका," असा सल्ला आयटीआयला जाणाऱ्या पोरांना सर्रास दिला जातोय. माझ्या मते तो अर्धाच खरा आहे. हिंगणा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शेडमध्ये ट्रॉली, चासी, ब्रॅकेटवर मुख्य काम आडव्या फिलेटचं (काटकोनात भिडलेल्या दोन प्लेटांच्या कोपऱ्यातली शिवण): ६ मिमी प्लेट, १.२ मिमी वायर, २२० अँपियरच्या आसपास, लांब सरळ शिवण. हे जाणार. हाताच्या कामात पाळीचा पाव ते तिसरा हिस्साच आर्क (धातू वितळवणारी विजेची ठिणगी) पेटलेला असतो; बाकी वेळ जॉब उलटवणं, टॅक (तात्पुरते टाके) मारणं, स्पॅटर (उडालेले थेंब) खरवडणं, चहा. जॉब फिरवणाऱ्या पोझिशनरसोबतचा रोबोट याच्या दुप्पट वेळ आर्क पेटता ठेवतो. उभी, डोक्यावरची आणि पाइपची शिवण मात्र माणसाकडेच राहील.

शून्यगॅप
आधी प्लेट कोणी कापली ते विचारा. रोबोट शिकवलेल्या बिंदूंवरूनच जातो. १.२ च्या वायरला शिवण ०.६ मिमी सरकली तरी एका बाजूला फ्यूजन (धातू एकजीव होणं) कमी पडतं, आणि आपल्याकडे गॅस कटिंग अधिक बेंडिंग मिळून दीड-दोन मिमीचा फरक सहज पाडतात. वेल्डरला फट दिसली की तो टॉर्च झुलवतो, वेग कमी करतो. रोबोट भोक पाडून पुढे जातो.

टच सेन्सिंगचं नाव काढाल, तर तेही बघा. वायरवर व्होल्टेज देऊन टोक प्लेटला टेकवायचं आणि जागा शोधायची. कडेला मिल स्केल (पोलादावरची काळी खपली) किंवा प्रायमर असला की वायर टेकते पण सर्किट पूर्ण होत नाही. वायर वाकते आणि रोबोट भलत्याच जागेला शिवण समजतो. म्हणजे आधी लेझर कटिंग, मग फिक्स्चर (जॉब पक्का धरणारा साचा), मग रोबोट. २५ नगांच्या ऑर्डरला दर वेळी नवं फिक्स्चर कोण बनवेल?

टीच-पेंडंट
हे जुन्या रोबोटचं वर्णन झालं. आता टॉर्चच्या पुढे लेझर कॅमेरा असतो, फट मोजून वेग आणि वीव्ह (टॉर्चचं झुलणं) चालता चालता बदलतो. कोबॉटला (माणसाशेजारी चालणारा रोबोट) हाताने धरून शिवणीवर फिरवलं की प्रोग्रॅम तयार.

आणि माणसाच्या हाताचं फार कौतुक नको. मे महिन्यात शेड तापली की कूलर टॉर्चकडे फिरतो. वारा सेकंदाला दोन मीटरच्या वर गेला की शिवणीला हवेपासून वाचवणारं गॅसचं आवरण फाटतं, शिवणीत छिद्रं पडतात. मग वेल्डर गॅस मिनिटाला १५ लिटरवरून ३० वर नेतो. नोझलपाशी भोवरे होऊन हवा आत ओढली जाते, छिद्रं आणखी वाढतात.

आर्क७०१८
भाऊ, कूलरचं खापर वेल्डरवर काहून फोडून राहिले? रोबोटच्या शेडमध्ये लोडिंगवाल्या पोराले कूलर लागतेच ना. फरक एवढाच, गॅस उडाला की आर्कची सळसळ जाऊन फटफट ऐकू येते अन् माणूस ट्रिगर सोडते. रोबोट अख्खी शिवण छिद्रांची करून देते. दिसाले सुबक.

टीच-पेंडंट
आर्क मॉनिटर लावा. व्होल्टेज-करंट हलला की अलार्म देतो.

आर्क७०१८
देते ना. पण गॅस संपला, टिप (वायर बाहेर येते ते तोंड) झिजली, का प्लेटले तेल होतं, हे कोण सांगते? टिपचं भोक लंबगोल झालं की वायर डोलते, शिवण सरकते. प्रोग्रॅम बरोबरच असते. नवीन पोरगं टिप पाहायच्या ऐवजी बिंदू हलवते, अन् दुसऱ्या दिवशी नवी टिप लावली की सारं उलट्या बाजूले जाते.

निदेशक_वेल्डर
मूळ विधानातच एक भोक आहे. सपाट काम रोबोटला, पाइप माणसाला, ठीक. पण ६जी, म्हणजे ४५ अंशात तिरपा बांधलेला पाइप न फिरवता जोडणारा हात येतो कुठून? वेल्डर ट्रेड एक वर्षाचा. त्यात पोरगा आर्कची लांबी धरायला शिकतो. वितळलेला धातू वाचायला तो शेडमध्ये शिकतो, याच कंटाळवाण्या फिलेटवर.

कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या संचाचं शटडाउन डोळ्यांसमोर आणा. सुपरहीटरच्या कॉइलमध्ये दोन नळ्यांतून टिगची (आर्गॉन वेल्डिंगची) टॉर्च जेमतेम जाते, मागची बाजू आरशात बघून भरायची, दिशा उलटी दिसते. क्रोमच्या नळीत आर्गॉनचं पर्जिंग (नळीत गॅस भरून हवा बाहेर काढणं) सुटलं तर रूट (जोडाचा तळ) करपतो आणि एक्स-रेला जोड नापास. हा हात सिम्युलेटरवर तयार होत नाही.

जाडपत्रा
हे माझ्या हिशेबात नव्हतं. तरी पोरांनी शिकावं म्हणून शेडमालक संथ काम मुद्दाम ठेवेल, हे पटत नाही. दर नगावर ठरतो.

निदेशक_वेल्डर
धर्मादाय करा असं म्हणत नाही. रोबोट सेललाही टॅकिंग आणि रिपेअर लागतंच. टॅक मारणाऱ्याला तेवढ्यावरच अडकवू नका. टॉर्च पोचत नाही ते कोपरे आणि शिवणीच्या शेवटचे क्रेटर (खळगे) त्यालाच भरू द्या. आठवड्यातून दोनदा कटपीसवर एका बाजूने फिलेट मारून घ्या, व्हाइसमध्ये धरून हातोड्याने मोडा आणि रूट दाखवा. रोबोटला शिकवायचा पेंडंटही त्याच्याच हातात द्या. टॉर्चचा कोन आणि स्टिक-आउट (टिपबाहेरची वायर) हाताने कळलेल्याला बटणं लवकर येतात.

टीच-पेंडंट
इथे माझा ठाम विरोध. टॉर्च कुठे धडकली की टूलचा टोकबिंदू (वायरचं टोक नेमकं कुठे आहे, हा रोबोटचा हिशेब) पुन्हा बसवावा लागतो. तो बटणांचा खेळ नाही.

आर्क७०१८
एक टोकदार पिन उभी करायची, अन् वायरचं टोक चार बाजूंनी तिच्या टोकाले भिडवायचं, एवढंच ना? हे तर वेल्डर रोजच करते.