इंदूरचा ओला कचरा: आधी गॅस की थेट खत?

रामबागवासी
आमच्या सोसायटीत ठराव आला आहे. बागेमागचा खतखड्डा बुजवायचा आणि सगळा ओला कचरा सकाळच्या गाडीला द्यायचा. रविवारी मतदान आहे. मी ठरावाच्या बाजूने मत देणार, का ते लिहितो. विरोध असेल तर इथेच मांडा.

आपल्या इंदूरच्या देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाचं उद्घाटन 19 फेब्रुवारी 2022 ला झालं. रोज 550 टन ओला कचरा घ्यायची त्याची क्षमता आहे. त्यातून दिवसाला सुमारे 17 हजार किलो गॅस आणि 100 टन खत निघावं असं गणित. शहरातल्या बस या गॅसवर धावतात. जिथे कचऱ्याचे डोंगर होते तिथे हे उभं राहिलं, आणि ते शक्य झालं घराघरात ओला-सुका वेगळा केल्यामुळे. हे काम आपल्या घरातल्या बायकांनी आणि सफाई कामगारांनी केलं आहे, म्हणून ते अर्ध्यावर सोडू नये असं मला वाटतं.

आता मूळ मुद्दा. डायजेस्टर, म्हणजे गॅस करणारी टाकी, हे एक हवाबंद पोटच. पहिले जिवाणू पोळी-भात-भाजीतले पिष्ट, प्रथिनं, चरबी फोडतात. दुसरे त्याची आम्लं करतात: अॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. तिसरे त्या आम्लांचं अॅसिटेट, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतात, आणि शेवटी मिथेन करणारे येतात. हे शेवटचे जिवाणू नाहीतच, तो जीवांचा वेगळाच गट आहे, हे कार्ल वूझ यांनी 1977 मध्ये दाखवलं. गोबरगॅसला सुरुवातीला शेण घालतात ते याचसाठी. हा सगळा कुटुंबकबिला गाईच्या पोटातून तयारच येतो.

माळव्यात गहू निघाला की नरवाई, म्हणजे शेतात उरलेलं काड, जाळतात. त्या काडाचं सेल्युलोज, म्हणजे चिवट तंतू, गाय एक-दोन दिवसांत बऱ्यापैकी फोडते, टाकीला तीन-चार आठवडे लागतात. गाईच्या पोटात हवेशिवाय जगणाऱ्या बुरश्या असतात, त्या काडात मुळांसारखे धागे घुसवतात. 1975 मध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी त्या ओळखल्या. आपल्या विद्यापीठांनी पैसा या अभ्यासावर लावावा. पोटाचं आरोग्य आणि शहराचं इंधन हा एकच विषय आहे, दोन खात्यांत वाटून तो अपुरा राहतो.

काळी माती
विरोध. पूर्ण विरोध.

ज्या शहरात तुम्ही खड्डा बुजवताय, त्या शहराच्या नावाची खतपद्धत जगभर शिकवली जाते. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. त्याच आवारात पुढे कृषी महाविद्यालय आलं. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्रमिश्रित माती आणि राख थरांनी रचायची, ओलावा राखायचा, पालटत राहायचं. हीच इंदूर पद्धत. 1931 चं पुस्तक हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांनी लिहिलं. आपल्यातलाच माणूस, संस्थेत रसायनाचं काम करायचा, आणि इंदूरच्या किती मराठी घरांत हे नाव माहीत आहे?

शेताला कार्बन हवा. काळ्या मातीत तो कमी झाला की ती उन्हाळ्यात आणखी भेगाळते आणि पावसाळ्यात जास्त चिकटून बसते. तुम्ही तोच कार्बन काढून बसमध्ये जाळता आणि उरलेलं मातीला देता.

रामबागवासी
दादा, वाड यांचं नाव घेतलंत, बरं वाटलं. पण कार्बनचा हिशेब पुरा करा. खड्ड्यात हवेवर कुजतानाही साधारण अर्धा कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. तिथे उष्णता वाया जाते, इथे इंधन मिळतं. नत्र, स्फुरद, पालाश टाकीत नष्ट होत नाहीत, स्लरीतच, म्हणजे टाकीतून निघणाऱ्या पातळ रबडीतच, राहतात. आणि आमचा खड्डा महिनोन्‌महिने कोणी पालटत नाही. खालचा थर हवेविना सडतो, मिथेन वर जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. न पालटलेला खड्डा हॉवर्डनाही मान्य झाला नसता.

काळी माती
मग पालटा. माळीबाबांना दोन तासांची मजुरी द्यायला सोसायटी तयार नाही, हा खड्ड्याचा दोष नाही.

पोटाची डॉक्टर
मी दोन्ही बाजूंचं वाचलं. गॅस की खत यावर मी मत देणार नाही, मला अधिकार नाही. पण "पोट आणि टाकी एकच विषय" या वाक्याला माझा ठाम आक्षेप आहे, कारण रुग्ण हे वाचतात.

साखळी सारखी आहे, शेवट उलटा आहे. टाकीत आम्लं मधला टप्पा असतात. ती साचली की टाकी आंबते आणि गॅस बंद पडतो. आपल्या मोठ्या आतड्यात आम्लं हाच हवा असलेला शेवट असतो. ब्युटिरेटवर, म्हणजे त्याच ब्युटिरिक आम्लावर, आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात, त्यांची बहुतांश ऊर्जा तिथूनच येते. गाईचंही तेच. तिची सुमारे 70 टक्के ऊर्जा या आम्लांतून येते, आणि मिथेन हा तिचा तोटा आहे, खाल्लेल्या ऊर्जेच्या 2 ते 12 टक्के ढेकरांत जातात. माणसात मिथेन करणारे सूक्ष्मजीव जास्त असले तर बद्धकोष्ठतेशी संबंध आढळतो. म्हणजे टाकीत जो सगळ्यात मोलाचा कामगार, तो पोटात फार वाढलेला नको.

दुसरं, "चांगले जिवाणू" या नावाखाली जी पाकिटं विकली जातात त्यांतल्या बहुतेकांना पुरावा तोकडा आहे. भक्कम पुरावा कुठे आहे ते सांगते. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूमुळे वारंवार उलटणारा जुलाब. 2013 मध्ये नेदरलँड्सच्या चाचणीत निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू 16 रुग्णांच्या आतड्यात सोडले आणि एकाच वेळच्या उपचाराने 13 बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिन या प्रतिजैविकावर 13 पैकी 4. आंबवलेल्या पदार्थांबद्दल स्टॅनफर्डचा 2021 चा अभ्यास आहे, 36 निरोगी माणसं, 10 आठवडे. आंबवलेलं खाणाऱ्या गटात जंतूंची विविधता वाढली आणि सूज दाखवणारे घटक उतरले. चांगला संकेत आहे, पण 36 माणसांवरून इडली-ताकाला औषध म्हणू नये. ताक प्यायचंच, ते आवडीने.

रामबागवासी
डॉक्टर ताई, तुमचा मुद्दा माझं म्हणणं पक्कंच करतो. कुठे साखळी थांबते आणि का, हे कळायला पोटवाल्यांना टाकीवाल्यांची गरज आहे आणि उलटही. टाकी आंबते तेव्हा नेमकं कोण मागे पडलं, हाच प्रश्न तुमच्या रुग्णातही असतो.

पोटाची डॉक्टर
प्रयोगशाळा एक असू शकते. दवाखान्यातला सल्ला वेगळा. एवढं मान्य असेल तर माझी हरकत संपली.

ओला_सुका
मी अशाच एका छोट्या प्लांटवर काम केलं आहे, या शहरात नाही. तुम्ही सगळे जंतूंबद्दल बोलताय. प्लांट जंतूंमुळे क्वचितच बंद पडतो, बंद पडतो तो आपण काय घालतो त्यामुळे.

लिंबू-संत्र्याच्या साली एकदम आल्या की सालीतलं तेल मिथेनवाल्यांना मारतं. तळणीचं तेल जास्त झालं की फॅटी अॅसिड त्यांच्यावर थर धरतात. आणि आपलं शहर शेव, कचोरी आणि नमकीनचं. छप्पन आणि सराफा या खाऊगल्ल्यांचं उरलेलं तेल ओल्या कचऱ्यात जाऊच नये. वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल होतं, त्यासाठी ते वेगळं गोळा करायची सरकारी योजना 2018 पासून आहे. मीठ जास्त झालं तरी पंचाईत. ठराव करायचाच असेल तर "तेल वेगळं" अशी ओळ घाला, त्याचा उपयोग जास्त होईल.

बागेचा पाला मात्र गाडीला देऊ नका. वाळलेल्या पानात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, हवेविना ते जवळजवळ फुटतच नाही. गॅस मिळत नाही, टाकी भरते. पाला खड्ड्यात, स्वयंपाकघरातलं गाडीत. दोघांचं काम भागेल.

काळी माती
भागत नाही. नुसता पाला कुजत नाही. कार्बन-नत्राचं प्रमाण तीसास एकच्या आसपास लागतं आणि वाळक्या पानांत कार्बन त्याच्या दुपटीपर्यंत जातो. नत्र स्वयंपाकघरातूनच येतं: मेथीचे देठ, चहाचा चोथा, डाळ-तांदूळ. तुम्ही तेच काढून गाडीला दिलंत तर खड्ड्यात पानांचा ढीग पडून राहील, मग कोणीतरी रात्री काडी लावेल. नरवाईवर इतकं बोललात ना?

रामबागवासी
मग आकडा ठरवूया. पाल्याला पुरेल एवढाच ओला कचरा खड्ड्याला, बाकी सगळा गाडीला, तेल कुठेच नाही. आमच्याकडे पानगळ फाल्गुन-चैत्रात जास्त, म्हणजे ते दोन महिने खड्ड्याला अधिक द्यावं लागेल आणि पावसाळ्यात जवळपास काहीच नाही. ठरावात मी हा बदल सुचवतो.

काळी माती
"पाल्याला पुरेल एवढा" कोण मोजणार? आठवड्याला पालटणी आणि माळीबाबांची मजुरी ठरावात लिहा, तर मी हात वर करीन. नाहीतर रविवारी माझं मत विरोधात.