माणूस जाण्यावरचे ॲनिमेशनपट: बाईने केले म्हणून वेगळे असतात का?

गिरणाकाठची (चाळीसगाव)

थेट मुद्द्यावर येते. माणसं दुरावणं, माणूस जाणं यावर बायकांनी केलेले छोटे ॲनिमेशनपट मला तीन तासांच्या रडक्या सिनेमांपेक्षा खरे वाटतात. कारण त्यांत दुःख बोलून दाखवत नाहीत, हात काहीतरी करत असतात.

गीतांजली राव यांचा 'प्रिंटेड रेनबो' (२००६) बघा. शहरातल्या फ्लॅटमध्ये एकटी म्हातारी आणि तिचं मांजर. बाहेर सगळं करडं. तिच्याकडे काड्यापेट्यांचा संग्रह. एकेक पेटी हातात घेऊन न्याहाळते आणि त्या छापात शिरते, तिथेच काय तो रंग. संवाद एकही नाही. कान चित्रपट महोत्सवाच्या क्रिटिक्स वीक विभागात बक्षिसं मिळाली, पण त्यासाठी बघू नका, त्या बाईच्या हातांसाठी बघा.

डॉमी शी यांचा 'बाओ' (२०१८) तर आपल्या घरातलाच. पोरगा लांब गेलेली एक चिनी आई कणीक मळते, सारण भरून डंपलिंगला चुण्या घालते. त्यातलं एक जिवंत होतं. ती त्याला वाढवते, ते मोठं होऊन घर सोडायला निघतं, आणि ती त्याला गिळून टाकते. मग ढसाढसा रडते. शी यांच्या आईने पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओत येऊन चित्रकारांना डंपलिंग वळून दाखवली होती. ते पडद्यावर कळतं.

माझं म्हणणं एवढंच, की घरकामातलं दुःख बायकांनी काढलं तेव्हाच ते नीट उतरलं.

भुसावळ_जंक्शन

शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. मायकेल दुडोक द वीट यांचा 'फादर अँड डॉटर' (२०००) पाहिलाय का? बाप होडीत बसून जातो, लहानगी बंधाऱ्यावर सायकल घेऊन परत परत येते, तरुण होते, आई होते, म्हातारी होते. संवाद तिथेही नाहीत. ऑस्कर मिळालेला आहे आणि करणारा पुरुष आहे. उद्या म्हणाल भरीत बायकांनीच करावं. आमच्याकडे शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून लाकडी बडगीत ठेचणारे गडीच असतात, चव बिघडत नाही!

साक्रीची_सून

माले तं बुवा हाई पटनं नही. पोटना पोऱ्याले माय खाई टाकस? 'बाओ'ला ऑस्कर भेटलं म्हणून काय झालं? माझ्या सासूबाईंना मोबाईलवर दाखवला, त्यांनी निम्म्यात मोबाईल परत केला. म्हणाल्या, असलं अभद्र नको दाखवू.

सुरतवाला (मूळ पारोळा)

ताई, तो सिनेमा आईसाठी नाहीच, आमच्यासाठी आहे. दर खेपेला माय पिशवीत कुरडया आणि ज्वारीचे बिबडे भरते. पेपरात गुंडाळते, वर जुनं धोतर लावते, तरी सुरतच्या उधना स्टेशनला उतरेपर्यंत निम्म्या बिबड्यांचा चुरा. मी दरवेळी म्हणतो, सुरतला सगळं मिळतं, कशाला? 'बाओ'त आईने केलेलं सगळं ताट तसंच टाकून ते पोरगं बाहेर निघून जातं, तेव्हा मला खाली बघावं लागलं. गिळणं अभद्र असेल. ताट टाकून जाणं काय आहे मग?

गिरणाकाठची

@भुसावळ_जंक्शन, पाहिलाय आणि आवडतोही. पण त्या मुलीचं दिवसभराचं काम काय, हे त्यात कुठेच नाही. बाप गेला आणि ती वाट बघते, बस्स. उलट दारिया काश्चेएवा यांचा 'डॉटर' (२०१९) घ्या. प्रागच्या फिल्म स्कूलमध्ये शिकताना केलेला बाहुलीपट. बाप इस्पितळात पडलेला, आणि मुलीला आठवतंय की लहानपणी ती जखमी पाखरू घेऊन आली होती तेव्हा त्याचं लक्षच नव्हतं. इथे बाप घरात असूनच हरवलाय. कॅमेरा हातात धरल्यासारखा हलतो, बाहुल्या असूनही.

आणि कॅरोलाइन लीफ यांचा 'द स्ट्रीट' (१९७६). आजी मरायला टेकलीय आणि नातू वाट बघतोय, कारण मग तिची खोली त्याला मिळणार! किती घरांत हे मनात येतं, बोलतं कोण? काचेवर ओल्या रंगाने चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, तेच पुसत पुढचं काढायचं. मागचं चित्र उरतच नाही.

भुसावळ_जंक्शन

'द स्ट्रीट'ची कथा मॉर्डेकाय रिचलर यांची. पुरुष. आणि पुसणं हे तंत्र आहे हो, त्यात तत्त्वज्ञान कशाला शोधायचं?

गिरणाकाठची

कथा त्यांची हे सिनेमातच लिहिलेलं आहे. ती खोली, तो बिछाना, आजीभोवती वावरणारी आई काचेवर कुणी आणली, ते मी म्हणतेय.

साक्रीची_सून

तुमचं दोघांचं चालू द्या. मला वेगळंच खटकतं. यातले बहुतेक सिनेमे मुके का? आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, वर डांगर (खरबूज) आणि सांजोरी ठेवतात, विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकतात. त्याच दिवशी माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गाणी म्हणतात, सासरचं गाऱ्हाणं त्या गाण्यातच. एकाच अंगणात पितरं आणि लेकी. बाई गेली तर चार बायका तिचे गुण सांगून सांगून रडतात. एकटी म्हातारी आणि मांजर हे मुंबईचं दुःख. आमच्या गल्लीत तिला कोणी एकटं बसू दिलं असतं का?

सुरतवाला (मूळ पारोळा)

पूर्वी नसतं दिलं. आता पारोळ्यात आमच्या गल्लीत दर दोन घरांआड एकच म्हातारं माणूस आहे. मांजरही नाही.

मास्तर_शहादे

मुके सिनेमे नको असतील तर नीना सबनानी यांचा 'टांको बोले छे' (२००९) बघा. १९७१च्या युद्धानंतर सिंध सोडून कच्छमध्ये आलेल्या आणि पुढे २००१चा भूकंप सोसलेल्या बायका स्वतःच्या आवाजात सांगतात, आणि पडद्यावर त्यांचंच कापडकाम हलतं. घर सोडलं, वाट तुडवली, भिंती पडल्या, सगळं टाक्यांत.

मला यात आपल्या नंदुरबार जिल्ह्याचं काम दिसतं. सरदार सरोवर धरणात अक्कलकुवा-अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. त्यातल्या मणिबेलीचं जुनं गाव आज कोण कॅमेऱ्यात धरणार? तिथे पाणी आहे. जे उरलेलं नाही त्याचं शूटिंग होत नाही, ते काढावंच लागतं. घराची ओसरी कुठे होती, मोहाचं झाड कुठे होतं, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. सबनानी यांनीच मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या भिल्ल चित्रकाराला घेऊन 'हम चित्र बनाते हैं' केला, भिल्ल चित्रं का काढतात त्याची दंतकथा. झाबुआत जमलं तर आपल्या अक्राणीतल्या धडगावात का जमू नये?

भुसावळ_जंक्शन

मास्तर, हा मुद्दा शंभर टक्के पटला. पण यात बाई-पुरुष कुठे आला? धरणात गाव दोघांचं गेलं.

मास्तर_शहादे

गाव दोघांचं गेलं. पण मोबदल्याच्या कागदावर जमीन होती, ती बहुतेक पुरुषाच्या नावावर. पाणवठा, चूल, मोहाची फुलं वेचायची जागा कुठल्या कागदावर आली? ते विचारायला बाईकडेच जावं लागेल.

भुसावळ_जंक्शन

विचारायला जा, नक्की जा. काढायला माझा भाचाही चालेल, फाइन आर्टला आहे.

साक्रीची_सून

भाच्याला आधी चूल सारवता येते का विचारा.