एक टनाचं नाणं: नाणं म्हणायचं की लगड?

पाटीबाजू: काल आपल्या या नाणेप्रेमींच्या गटात एकाने ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या टांकसाळीतल्या एक टनी सोन्याच्या कांगारू-नाण्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "संग्रह असावा तर असा. आपण बसलोय तांब्याच्या गंजक्या शिवराया गोळा करत." हे वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१०१२ किलो सोनं. ८० सेंटिमीटर व्यास. एका बाजूला कांगारू, दुसऱ्या बाजूला राणी एलिझाबेथ. २०११ साली घडवलं. घडवलं म्हणतो, कारण ते ठशांत दाबून पाडलेलं नाही, ओतून हाताने पुरं केलेलं आहे. दर्शनी किंमत दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि आतलं सोनं तेव्हाच पाच कोटी डॉलरच्या वरचं. दर्शनी किमतीला ते कोण देईल?

माझ्याकडे आजोबांची एक शिवराई आहे. एका बाजूला 'छत्र' वाचता येतं, 'पति' झिजून गेलंय. दुसऱ्या बाजूचा 'श्री' दिसत नाही, पण अंगठा फिरवला की लागतो. ही झीज माणसांच्या हातांनी केली आहे, कनवटीला राहून, बाजारात फिरून. नाणं याला म्हणतात. ते पर्थचं धूड म्हणजे चित्र काढलेली लगड.

तिसऱ्या_पिढीचा_सराफ: मग जहांगीरची हजार तोळ्यांची मोहरही बाद करा. आग्रा टांकसाळ, इ.स. १६१३, जवळपास १२ किलो, व्यास २० सेंटिमीटर. ती घेऊन कोणी गव्हाच्या बाजारात गेलं नव्हतं. दरबारी मानाची वस्तू होती. १९८७ साली जिनिव्हात ती लिलावाला निघाली तेव्हा जगभरचे नाणेवाले माना वर करून बघत होते. मोगलांनी केलं की इतिहास आणि ऑस्ट्रेलियाने केलं की धूड, हा न्याय मला पटत नाही.

पाटीबाजू: मोहरेचा मुद्दा मान्य करावा लागतो. पण मोगलांच्याच दुसऱ्या एका नाण्याचं पुढे काय झालं ते बघा. शाहजहानच्या दोनशे मोहरांच्या नाण्याचा आज ब्रिटिश म्युझियममध्ये फक्त प्लास्टरचा ठसा आहे. मूळ नाण्याचा पत्ता नाही. आणि बर्लिन? बोडे म्युझियममध्ये कॅनडाचं २००७ सालचं शंभर किलोचं नाणं होतं. मार्च २०१७ मध्ये चोर शिडी लावून खिडकीतून आत शिरले आणि एकचाकी हातगाडीवर घालून ते घेऊन गेले. २०२० मध्ये शिक्षा झाल्या, नाणं मिळालं नाही. तुकडे करून आटवलं असणार. चोरांना त्यात सोन्यापलीकडे काही दिसलंच नाही. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, पण तो कोणी आटवेल का?

कोल्हापुरी_साज: दादा, होन आटवूनच संपले! १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळचे होन आज इतके विरळ का? घरोघरच्या बांगड्यांत गेले म्हणून. आकाराचा काही संबंध नाही.

आमच्या आजीची पुतळ्यांची माळ होती. एकोणीस पुतळ्या. सतरा इथल्याच घडणीच्या, दोन अस्सल व्हेनिसच्या डुकाट, म्हणजे तिथली सोन्याची नाणी, कडी जोडलेल्या. त्यांवरच्या आकृत्या लहानपणी मला विठोबा-रखुमाई वाटायच्या. काकांनी माळ पेढीवर नेली आणि पाटल्या करून आणल्या. त्या सराफाला त्या दोन वेगळ्या दिसल्या नसतील? दिसल्या. तरी मुशीत टाकल्या, वर तूट भरमसाट धरली. आजी आठ दिवस कोणाशी बोलली नाही.

तिसऱ्या_पिढीचा_सराफ: प्रत्येक चर्चेत शेवटी सराफच चोर. ताई, माळ घेऊन कोण गेलं होतं? तुमचे काका. एक बाई माझ्याकडे जुनी मोहर घेऊन आल्या, कानातलं करायला. मी हात जोडून सांगितलं, आटवू नका, जाणकाराला दाखवा. त्यांना वाटलं मला ती स्वस्तात लाटायची आहे. पलीकडच्या पेढीवर जाऊन संध्याकाळी कुड्या घालून माझ्या दारावरून गेल्या. माझ्या पोटात तुटलं ते कोणाला सांगू?

कोल्हापुरी_साज: एक मोहर वाचवायचा प्रयत्न केलात, चांगलं केलंत. पण तूट किती धरतात ते बोला. सांध्याचा डाग काढून, कडी काढून, मळ काढून गिऱ्हाइकाच्या हातात काय उरतं? पावतीवर वजन आटणीच्या आधीचं लिहितात की नंतरचं?

तिसऱ्या_पिढीचा_सराफ: डागात हीण असतंच, ते जळतं. आम्ही गिऱ्हाइकासमोर आटवतो आणि दोन्ही वजनं लिहून देतो. सगळ्यांना एका तागडीत तोलू नका.

कोल्हापुरी_साज: दोन्ही वजनं लिहून देत असाल तर तुमच्याबद्दलचे शब्द मागे घेते. त्या पेढीबद्दलचे नाही.

पार्ले_ते_पर्थ: मी पर्थला राहतो. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन ते नाणं बघायला गेलो होतो. तिथे पाहुण्यांसमोर सोन्याची वीट ओतून दाखवतात, मग हे नाणं. मुलगा बराच वेळ उभा राहिला. घरी येताना विचारलं, "बाबा, शिवाजी महाराजांचं सोन्याचं नाणं केवढं होतं?" मी करंगळीचं नख दाखवलं. त्याला खरंच वाटेना. तेव्हापासून रोज जुन्या नाण्यांचे फोटो मागतो. पाटीबाजू, तुमच्या शिवराईपर्यंत तो त्या कांगारूमुळेच पोचला.

पाटीबाजू: एवढं श्रेय कांगारूला देतो. नाणं तरीही म्हणणार नाही. पत्ता कळवा, माझ्याकडे दोन दुदांडी, म्हणजे दोन रेघांच्या, शिवराया आहेत, त्यातली एक पोराला पाठवतो.

पार्ले_ते_पर्थ: पाठवू नका हो! शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर न्यायला १९७२ च्या पुरावशेष कायद्याने बंदी आहे. आम्ही दिवाळीत येतोय.

पाटीबाजू: बरं झालं सांगितलंत. मग घरीच आणा त्याला. आजोबांची शिवराई त्याच्या हातात देतो. डोळे मिटून अंगठ्याने 'श्री' शोधू दे.