एमए की थेट पीएचडी, आधी पैशाचं बघा

बीए इतिहास झाल्यावर मुलीला कलेच्या इतिहासात परदेशी शिकायचंय आणि घरून पंचवीस-तीस लाख निघणार नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. मग आधी एक फरक समजून घ्या. अमेरिकेत एमएचा खर्च बहुतेक ठिकाणी स्वतःच करावा लागतो. पीएचडीला मात्र मोठ्या विद्यापीठांत फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो. म्हणून एमए इथेच, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात किंवा जेएनयूत करावं आणि पीएचडीला तिकडे जावं, असं माझं मत. खर्च बराच कमी, शिक्षक उत्तम. पुढे इथेच राहून पीएचडी करायचं ठरलं तर नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती आहेच, महिना ३७ हजार.

परदेशी शिक्षणासाठीच्या टाटा एंडोमेंटबद्दल लोक फार हुरळून जातात. बाप्पा, ते कर्ज आहे, परत फेडावं लागतं! अनुसूचित जातीत किंवा नवबौद्ध असाल तर राज्याची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती आधी बघा, फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही मिळतात.

अर्जातल्या निबंधात मात्र 'लहानपणापासून चित्रांची आवड' नको. ते सगळेच लिहितात. आपल्या नागपूरच्या दाराशी रामटेकचं केवल नरसिंह मंदिर आहे, पाचव्या शतकातलं, वाकाटक राजांचं; मनसरचं उत्खनन आहे, १८६३ चं नागपूरचं वस्तुसंग्रहालय, म्हणजे अजब बंगला आहे. पोरीला चार रविवार तिथे बसवा. एकाच मूर्तीसमोर बसून दोन पानं लिहू द्या. माझ्या भाचीने तेच केलं होतं, आणि मुलाखतीत अर्धा वेळ त्याच दोन पानांवर प्रश्न आले.