घाटात घाम, उतारावर हुडहुडी: सायकलची जर्सी आणि कपड्यांचे थर, तुमचे अनुभव सांगा

मागच्या जानेवारीतली गोष्ट. पहाटे साडेपाचला आम्ही चौघं वाईतून निघालो. पसरणी घाट चढायचा, पाचगणीला चहा प्यायचा आणि परत यायचं, एवढाच बेत. माझ्या अंगात जाड सुती टी-शर्ट आणि त्यावर हूडी. तिसऱ्या-चौथ्या वळणालाच कानशिलं तापली आणि टी-शर्ट पाठीला चिकटला. हूडी काढून ठेवायला जागा नव्हती, म्हणून तसाच चढत राहिलो. पाचगणीत चहाच्या टपरीवर बरं वाटत होतं. उतरायला लागलो आणि पहिल्या दोन किलोमीटरांत दात वाजायला लागले. बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक किती दाबला जातोय तेच कळेना. मधल्या एका वळणावर नुकतंच ऊन आलं होतं, तिथे सायकल लावून वीस मिनिटं उभा राहिलो.

घरी आल्यावर वाटलं, आता चांगली महागडी जर्सी घ्यायलाच हवी. मग दोन-तीन महिने लोकांना विचारत, थोडं थोडं विकत घेत, घालून बघत गेलो तेव्हा कळलं की दुखणं किमतीचं नव्हतंच. चढताना आपण ताशी आठ-दहाच्या वेगाने जातो, वारा लागत नाही आणि अंग भट्टीसारखं तापतं. उतारावर तेच अंग ओलं असतं आणि समोरून ताशी चाळीसचा वारा येतो. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. सुती कापड तो घाम धरून बसतं. पॉलिस्टरचा धागा स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही, घाम कापडावर पसरतो आणि उडून जातो. म्हणजे आतला थर कोरडा राहिला पाहिजे आणि वारा अडवणारा थर हवा तेव्हा चढवता, नको तेव्हा काढता आला पाहिजे.

सध्या माझ्याकडे आहे ते असं: जाळीदार ड्राय-फिट बनियन ३०० रुपये, अर्ध्या बाह्यांची साधी जर्सी ७००, आर्म स्लीव्हजची (हातात चढवायच्या सुट्या बाह्यांची) जोडी २५० आणि मुठीत मावेल असं पातळ विंडचीटर ९००. सगळे मिळून २,१५०. यातली सगळ्यात उपयोगी वस्तू मला विचाराल तर आर्म स्लीव्हज. सायकलवर बसल्या बसल्या मनगटापर्यंत खाली सरकवता येतात, पुन्हा वर ओढता येतात.

तुम्ही कुठे चालवता, काय घालता, कितीला पडलं आणि काय फसलं, ते लिहा. फसलेलं जरूर लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

नाशिक

आमच्याकडे निफाडच्या बाजूला थंडीत पारा सहा-सातवर जातो, कधी त्याहीखाली. द्राक्षबागांमधून जाताना धुकं असतं ते वेगळंच. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली: घरातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झाला. पहिली दहा मिनिटं सोसायची, मग अंग आपोआप तापतं.

दुसरं म्हणजे वर्तमानपत्र. जर्सीच्या आत छातीवर दोन पानं घडी करून सरकवायची, वारा अडतो. युरोपातल्या मोठ्या शर्यतींत घाटमाथ्यावर रायडर पूर्वी हेच करत. आमच्या काकांनी मला हे शिकवलं तेव्हा त्यांना त्या शर्यतींचा पत्ताही नव्हता, ते पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन जाताना असंच करत. खर्च पाच रुपये, आणि खाली पोचल्यावर वाचायलाही होतं.

बोरिवली

मुंबईकरांनी वरचं वाचून लगेच तीन थर घेऊ नयेत. आमच्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की ड्राय-फिट कापडही घाम उडवू शकत नाही. मी शनिवारी पहाटे मरीन ड्राइव्हच्या टोकाला, एनसीपीए नाट्यगृहापर्यंत जाते आणि अंधेरी यायच्या आत निथळलेली असते. ११०० रुपयांची आणि ४५० ची, दोन्ही जर्सी वापरल्या. मे महिन्यात काडीचा फरक नाही. फरक पडतो तो विणीचा. कापड उजेडासमोर धरा. बोटं दिसली तर मुंबईसाठी घ्या. आणि एक कोरडी बनियन प्लास्टिकच्या पिशवीत, मागच्या खिशात. मरीन ड्राइव्हला पोचल्यावर ती बदलली की परतीचं अंतर निम्मं वाटतं.

पुणे, कोथरूड

ताईंना +१. बायकांसाठी दोन गोष्टी लिहिते, कारण त्या कुठे कोणी लिहीत नाही.

एक, पूर्ण चेन असलेलीच जर्सी घ्या. खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट घालत असाल तर रस्त्यात बाथरूमला जाताना जर्सी पूर्ण काढावी लागते. अर्ध्या चेनची घामाने ओली जर्सी डोक्यावरून काढणं आणि परत घालणं, तेही हायवेवरच्या ढाब्याच्या बाथरूममध्ये जिथे अडकवायला खिळा नाही, हे मी एकदा केलं. दोन पैसे वाचवायला अर्ध्या चेनची घेतली होती. शिवाय चढावर पूर्ण चेन उघडता येते, तो वेगळाच फायदा. आत बनियन असतेच.

दोन, खिसे. स्वस्तातल्या लेडीज जर्सींचे मागचे खिसे इतके उथळ असतात की मोबाइल अर्धा बाहेर. मी पुरुषांची स्मॉल घेऊन पाहिली, खिसे छान पण कमरेला घट्ट आणि खांद्याला सैल. शेवटी लेडीज जर्सी घेऊन गल्लीतल्या शिंप्याकडून खिसे दोन इंच वाढवून घेतले, ८० रुपयांत. त्याला ताणाचं कापड शिवायची सुई मशीनला लावायला सांगा, नाहीतर शिवण उसवते.

ताम्हिणीप्रेमी, पौड रोड

पावसाळ्याचं कोणीच लिहिलं नाही. माझं स्पष्ट मत: रेनकोट घालून सायकल चालवू नये. आतून घामाने भिजता, बाहेरून पावसाने, आणि वर फडफड. जुलैत ताम्हिणीत मी फक्त जर्सी घालून भिजतो. कोरडे कपडे पिशवीत. आठ वर्षं हेच करतोय.

डिचोली, गोवा

ताम्हिणीप्रेमी, सपाटीवर आणि चढावर तुमचं बरोबर आहे, पण उताराला हे लागू करू नका, कळकळीने सांगतो. ऑगस्टमध्ये मी चोर्ला घाट चढलो, नुसत्या जर्सीत. खाली साखळी गावात उकडत होतं. वर पोचेपर्यंत पाऊस आडवा आणि ढग रस्त्यावर उतरलेले. आठशे मीटर चढलं की हवा पाच अंश गार होते, त्यात ओलं अंग. उतरताना खांदे असे उडायला लागले की हँडल डुगडुगायला लागलं. मागून ट्रक येत होता. मी उतरून सायकल हातात धरून चालत गेलो, जवळजवळ तीन किलोमीटर, तेव्हा अंगात थोडी ऊब आली.

तेव्हापासून पातळ विंडचीटर बाराही महिने सोबत असतं. ते पाणी अडवत नाही, अडवायची गरजही नाही. वारा अडतो, तेवढं पुरतं. माथ्यावर थांबून, श्वास खाली बसायच्या आत घालतो.

धागाकर्ता

डिचोलीकर, सविस्तर लिहिलंत, आभार. ‘श्वास खाली बसायच्या आत’ हे फार महत्त्वाचं. मी पाचगणीत चहा संपेपर्यंत थांबलो होतो, तिथेच चुकलं.

ताम्हिणीप्रेमी, पौड रोड

मान्य. मी ताम्हिणी चढून माथ्यावरूनच पुण्याकडे वळतो, कोकणाच्या बाजूचा मोठा उतार कधी पावसात केलेला नाही. माझ्या अनुभवाची हद्द तेवढीच आहे.

नागपूर

विदर्भात प्रश्न उलटा. एप्रिल-मेमध्ये पांढरी, पूर्ण बाह्यांची, पातळ जर्सी. लोकांना वाटतं बाह्या म्हणजे गरम. तसं नाही, आमच्याकडे हवा कोरडी आहे, घाम लगेच उडतो आणि बाही सावलीचं काम करते. आर्म स्लीव्हज पाण्याने ओल्या करून घातल्या की पंधरा-वीस मिनिटं गारवा. अर्थात साडेआठच्या आत घरी, त्यानंतर कुठलंही कापड कामाचं नाही.

सातारा, वय ६३

तुम्ही सगळे पॉलिस्टरवर बोलताय. आम्ही तरुणपणी मुंबई-पुणे शर्यत बघायला बोरघाटात जायचो, घाटांचा राजा कोण ठरतो ते बघायला. त्याआधीच्या पिढ्यांच्या शर्यतींत जर्सी लोकरीच्याच असत. मेंढपाळ पावसात घोंगडी का घेतो? लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. आज मेरिनोची (मऊ, बारीक लोकरीची) सायकल जर्सी चार-पाच हजारांना सांगतात, ते परवडत नाही. मी थंडीत रस्त्याकडेला स्वेटर विकायला बसतात त्यांच्याकडून अगदी पातळ विणीचा, शुद्ध लोकरीचा, बिनबाह्यांचा स्वेटर घेतला, २५० रुपये. जर्सीच्या आत बनियनवर घालतो. घेताना एक सुटा धागा जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून गोळी झाली तर ॲक्रिलिक, त्याचा उपयोग नाही. आणि लोकरीचं एक सुख म्हणजे चार दिवस घातलं तरी वास मारत नाही.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

पुण्याची सवय घेऊन इथे आलो आणि पहिल्या उन्हाळ्यात फसलो. जुलैत घरून निघताना ३० अंश, ट्रेनने सायकल घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरलो तर गोल्डन गेट पुलावर दाट धुकं, बोचरा वारा, जेमतेम १४. पूल ओलांडून टेकडीच्या पलीकडे गेलो की पुन्हा ऊन. एका दिवसात तीन ऋतू. इथले लोक बिनबाह्यांचं विंडचीटर वापरतात: समोर वारा अडवणारं कापड, पाठीला जाळी. मी पुण्याहून नेलेल्या साध्या विंडचीटरच्या बाह्या कापल्या आणि पाठ कापून तिथे जुन्या जर्सीची जाळी शिवली. तीन वर्षं टिकलंय.

छत्रपती संभाजीनगर

ग्रुपसाठी जर्सी छापून घेणार असाल तर आमचा अनुभव. चाळीस नगांची ऑर्डर, प्रत्येकी ४२०. नमुना म्हणून पातळ कापड दाखवलं, आले ते जाड, खेळाच्या टी-शर्टचं. पैसे आधीच दिलेले. नमुन्याचा तुकडा स्वतःकडे ठेवा आणि कापडाचं जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) बिलावर लिहून घ्या. १४० च्या आसपास आमच्या हवेला ठीक. आणि काळा रंग नको, कितीही देखणा दिसला तरी. धुक्यात ट्रकवाल्याला दिसत नाही.

बीआरएमवाला, चिंचवड

रात्रीच्या रायडर्ससाठी. ६०० किमीच्या ब्रेव्हेला (म्हणजे बीआरएम, ठरल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) ४० तास मिळतात, म्हणजे दोन दिवस आणि मधली रात्र. दुपारी ३४, पहाटे १२. रात्री रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचंच असतं, ते सगळ्यात वर हवं. त्यावर विंडचीटर घातलं तर पट्ट्या झाकल्या जातात. म्हणून विंडचीटर आत बसेल इतकं ढगळ जॅकेट घ्या. खिशांचं माझं ठरलेलं आहे: उजवीकडे खाऊ, डावीकडे स्लीव्हज, मधे विंडचीटर. अंधारात न बघता हात जातो.

धुण्याबद्दल: कंडिशनर अजिबात नको. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम पसरणं बंद होतं. माझ्या दोन चांगल्या जर्सी अशाच गेल्या असं वाटलं होतं. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवल्या, तीन-चार वेळा, तेव्हा मूळपदावर आल्या. वासही गेला. इस्त्री नको, पिळू नका, सावलीत वाळवा.

नवीन सायकलस्वार, सांगली

मला सगळं एकदम घेणं जमणार नाही. पाचशे रुपयांत सुरुवात करायची तर काय घेऊ?

धागाकर्ता

बनियन आणि आर्म स्लीव्हज, पाचशेच्या वर पन्नास लागतील. वर सध्या घरातला कुठलाही पॉलिस्टरचा टी-शर्ट चालेल, क्रिकेटचा असला तरी. उतारासाठी वर्तमानपत्र, नाशिककरांनी सांगितलंय तसं. जर्सी दिवाळीनंतर घ्या.

सातारच्या काकांचं वाचून मी काल पातळ लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर शोधून आणला, धागा जाळून पाहिला, केसांचा वास आला. रविवारी पुन्हा पसरणी आहे. चहा यावेळी वाईत उतरल्यावर. संध्याकाळी इथे लिहितो.