आपलं मागणं अरदासमध्ये कुठे?

अरदास म्हणजे शिखांची प्रार्थना. तिच्या शेवटच्या 'सरबत दा भला' (सर्वांचं भलं) या शब्दांनंतर घरच्या आजारपणाचं मागणं जोडलं तर चालेल का, असं एकानं विचारलंय. नाही, ते त्याआधी. अरदासची सुरुवात ('प्रिथम भगौती'पासून दहाव्या गुरूंच्या स्मरणापर्यंत) आणि शेवटच्या दोन ओळी रहित मर्यादेनुसार (शिखांच्या आचारसंहितेनुसार) बदलायच्या नाहीत. आपलं काय ते मधे, एखाद्या वाक्यात. मग 'नानक नाम चढदी कला, तेरे भाणे सरबत दा भला' म्हणून माथा टेकायचा. 'तेरे भाणे' म्हणजे तुझ्या मर्जीनं. घाईत नेमके हेच शब्द गिळले जातात, आणि विनंतीची फर्माईश होते! एकजण म्हणतो, बाकीचे हात जोडून उभे. 'बोलो जी' ऐकलं की 'वाहेगुरू' म्हणायचं. समोर गुरू ग्रंथ साहिब नसेल तर दिशा कुठलीही चालते.